बॅरेक, क्वार्टर आणि वीटभट्टी



स्वागताध्यक्षाने गावाचं माहात्म्य सांगायचं, व्यवस्थेतल्या उणिवांबद्दल आगाऊ क्षमा मागायची आणि लवकर खाली बसायचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. क्षमा आत्ताच मागून टाकतो. पाणी जपून वापरा आणि परतीची गाडी धरणार असाल तर संध्याकाळी डब्याच्या दारात उभं राहण्याची तयारी ठेवा. माहात्म्यही थोडक्यात सांगतो. शिलाहारांच्या काळातलं, शके 982 म्हणजे 1060 सालचं शिवमंदिर इथे अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी उभं आहे. दुपारच्या सुट्टीत जरूर जाऊन या. मंदिराची कोरीव भिंत पाहा आणि नाकाला रुमाल लावून नदीही पाहा. लवकर खाली बसण्याचं मात्र वचन देत नाही. उभा जन्म शाळामास्तरकीत गेला, आणि मास्तराला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही हे तुम्ही जाणताच.

ही परिषद मुलांच्या सामाजिक संरक्षणावर आहे. ती उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात भरते आहे हे मला फार योग्य वाटतं, कारण हे संरक्षण मिळण्याच्या आणि न मिळण्याच्या तीन तऱ्हा रेल्वेच्या एकाच मार्गावर तुम्हाला पाहायला मिळतील.

पहिली उल्हासनगरची. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं कल्याण कॅम्पात उतरली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बॅरेका तिथे होत्या. त्यांतच पडदे लावून बिऱ्हाडं थाटली गेली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि कॅम्पाचं उल्हासनगर झालं. हाल काही कमी झाले नाहीत. पण सगळं मागे टाकून आलेल्या त्या माणसांना सरकारने एक गोष्ट दिली. बॅरेकीवर नंबर होता. कॅम्प अमुक, बॅरेक अमुक, एवढ्यावर कुटुंबाची नोंद होई आणि पोराचं नाव शाळेत लागे. आजही जुना उल्हासनगरकर पत्ता सांगताना बॅरेक नंबर सांगतो. कागद नसलेल्या माणसाला सरकारने स्वतः कागद करून दिला, हे आमच्या डोळ्यांदेखतचं उदाहरण आहे.

दुसरी तऱ्हा अंबरनाथची, माझ्या स्वतःच्या लहानपणाची. माझे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत कामगार होते. त्यामुळे आम्हाला क्वार्टर होतं, दवाखाना होता, वसाहतीतली शाळा होती. वडील गेले असते तर फंड आणि पेन्शन आईला मिळालं असतं. सामाजिक संरक्षण हे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नाहीत, पण ते आम्हाला पुरेपूर होतं. फक्त ते माझ्या नावाने नव्हतं, बापाच्या हजेरीपटावर होतं. कायम नोकरीच्या कामगाराचं पोर सुरक्षित आणि त्याच कारखान्याचं गेट झाडणाऱ्याचं पोर रामभरोसे, हा भेद तेव्हा आम्हाला खटकतही नसे. पुढे कायम नोकऱ्या आटल्या. विम्को नाका आहे, पण विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना उरला नाही. एमआयडीसीत गेटवर गर्दी आजही असते, पण बहुतेक ठेकेदाराची माणसं. बापाच्या नोकरीला बांधलेली सुरक्षितता नोकरीबरोबर गेली आणि मूल उघड्यावर पडलं.

तिसरी तऱ्हा बदलापूरची, आणि आता खरं तर तिन्ही शहरांची. परवडणारं घर म्हणून माणसं इथवर येतात. त्यांच्या इमारती उभारणारे नाक्यावरचे मजूर चाळीत भाड्याने राहतात. दिवाळीनंतर शहराबाहेर वीटभट्ट्या पेटतात, तिथे कातकरी कुटुंबं उचल घेऊन येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांना शिकवायला विधायक संसद या संस्थेने याच ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा काढल्या होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा भट्टीवर जाईल, इतका साधा विचार. उल्हासनगरात घरोघर जीन्सचे धागे कापले जातात आणि आईच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या हातातही कातर असते. या मुलांना बॅरेक नंबर नाही आणि क्वार्टरही नाही.

पैसा नाही किंवा योजना नाहीत, असं मात्र कोणी म्हणू नये. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्व योजनेत 4000 मिळतात. लेक लाडकी योजना आहे, बांधकाम कामगार मंडळाची मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. आता वडील वारलेलं एखादं मूल घ्या. मृत्यूचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत. बोनाफाइड इथल्या शाळेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडे. रहिवासाच्या पुराव्याला भाडेकरार हवा, आणि चाळीचा मालक करार करून देत नाही, कारण कागद झाला तर भाडेकरू हक्क सांगेल ही भीती. मग आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही. मग बँक खातं. मग अर्ज, गृहभेट, बाल कल्याण समितीपुढे हजेरी. दर चकरेला आईचा एक खाडा. पहिला हप्ता हातात पडेपर्यंत तिची त्याहून जास्त मजुरी बुडालेली असते. बऱ्याच जणी मध्येच सोडून देतात, आणि आपल्या अहवालात लिहिलं जातं की जागृतीचा अभाव आहे.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दलही बोलायला हवं. संजय गांधी निराधार योजनेला वार्षिक 21 हजारांची अट, म्हणजे महिन्याला 1750 रुपये. एवढ्यात संसार चालवणारं कुटुंब या तीन शहरांत मला कोणी दाखवावं, मी त्यांच्या पाया पडेन. अटच अशी घातली की गरीब माणसाला खोटा दाखला काढावा लागतो आणि प्रामाणिक विधवा बाहेर राहते.

देशोदेशीच्या संस्थांमधून पाहुणे आले आहेत म्हणून सांगतो, परदेशी मदत महाराष्ट्राला नवी नाही. 1972 च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी आठवणारी माणसं या सभागृहात असतील. त्याच काळात रोजगार हमीचा विचार आपल्या मातीत वाढला आणि 1977 साली त्याचा कायदा झाला. सुकडी पोटात गेली आणि संपली, कायदा उरला. 1954 साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, त्याला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा हात होता. तोही उरला. आणि करुणेचं म्हणाल तर, ब्रिटनमध्ये एग्लंटाइन जेब यांनी पहिल्या महायुद्धातल्या शत्रुदेशांच्या उपाशी मुलांसाठी 1919 मध्ये सेव्ह द चिल्ड्रन काढली, तेव्हा त्यांच्यावर खटला भरला गेला. त्याच्या 42 वर्षं आधी, 1877 च्या दुष्काळात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडीला बालाश्रम काढून पोरांना जेवू घातलं होतं. तेव्हा आम्हाला करुणा शिकवायला कोणी येऊ नये. हिशेब शिकवायला, पाठपुरावा शिकवायला जरूर यावं.

पाहुण्यांना थोडं टोचेल असं बोलतो, घरचं म्हणून ऐकून घ्या. तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो. बेसलाइन, प्रशिक्षण, मध्यावधी आढावा, आणि वस्ती कार्यकर्तीला ओळखू लागते न लागते तोच एक्झिट प्लॅन येतो. मागे उरतात रंगवलेल्या भिंती. तीन वर्षांनी दुसरी संस्था त्याच वस्तीची पुन्हा बेसलाइन करते. आमच्या काही वस्त्या प्रश्नावलीची उत्तरं देण्यात पदवीधर झाल्या आहेत! फेब्रुवारी 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन यांनी मिळून सांगितलं की जगातली 140 कोटी मुलं कोणत्याही सामाजिक संरक्षणाविना आहेत. तो आकडा खाली आणायचा तर कोणाला तरी एका आईबरोबर तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहावं लागेल.

ऑगस्ट 2024 बद्दल न बोलता हे स्वागत पुरं होणार नाही. बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन बालिकांवर अत्याचार झाला. 20 ऑगस्टला लोक रुळांवर बसले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, असं 2012 चा पोक्सो कायदा सांगतो. शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा आदेश 2022 मध्येच निघाला होता. तरीही पालकांना तक्रारीसाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं. प्रभागांत बाल संरक्षण समित्या आहेत म्हणतात. त्यांचा अध्यक्ष नगरसेवक असतो, आणि अंबरनाथ-बदलापुरात 2020 नंतर पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. बैठक कोणी घ्यायची होती?

यंत्रणेऐवजी एकटा माणूस धावून आल्याचंही उदाहरण आहे. आमच्याच तालुक्यातल्या वांगणीला 17 एप्रिल 2021 रोजी अंध आईचं मूल फलाटावरून रुळांवर पडलं. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः कसेबसे चढले. बक्षिसातली निम्मी रक्कमही त्यांनी मुलाला दिली. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण वांगणीत अंध कुटुंबं पुष्कळ आहेत, लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरणारी, आणि त्यांच्या पोरांची सगळी भिस्त कोणाच्या तरी धावण्यावर असू नये.

म्हणून माझं म्हणणं एकच. हक्क मुलाच्या नावाने लागू द्या. मूल जिथे जाईल तिथे तो मागोमाग जाऊ द्या. दक्षिण आफ्रिकेने 1998 मध्ये बाल अनुदान सुरू केलं, ते मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्या हातात जातं, मग ती आई असो, आजी असो की मावशी. आपल्यालाही जमण्यासारखं आहे. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या पटावरची नोंद हाच मुलाच्या रहिवासाचा पुरावा मानावा. भाडेकरार मागू नये. मूल भट्टीवरून गावी गेलं तर त्याची मंजुरी तिकडे चालावी, नवा अर्ज लागू नये.

उद्या दुपारी खुलं अधिवेशन आहे. त्यात हा ठराव मांडावा, अशी मी अध्यक्षांना विनंती करतो. आणि पाहुण्या संस्थांना विनंती अशी, की तिन्ही शहरांत प्रभागामागे एक पगारी कार्यकर्ती पाच वर्षांसाठी द्या. तिने किती शिबिरं घेतली हे विचारू नका, किती मुलांच्या खात्यात पैसे पडले तेवढंच विचारा. कार्यकर्त्या आमच्या वस्त्यांतच आहेत, नावं आणि यादी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून घ्या.