शिकारीचं मटण: डेन्व्हरचं मेनूकार्ड आणि दाजीपूरचा गवा

मी गडमुडशिंगीचा, पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि खाण्याच्या बाबतीत पक्का कोल्हापुरी. आजचा विषय आहे शिकारीचं मटण.

मध्यंतरी कामासाठी अमेरिकेत डेन्व्हरला होतो. तिथं ‘बकहॉर्न एक्सचेंज’ नावाचं हॉटेल आहे, १८९३ पासून चालू. कोलोरॅडो राज्याचं दारूविक्रीचं एक नंबरचं लायसन्स यांच्याकडं. आत गेलं की भिंतीवर नुसती पेंढा भरलेली जनावरं, पाचशेच्या वर! आपल्या नव्या राजवाड्यातलं म्युझियम आठवा, आणि त्यात टेबलं मांडलीत असं समजा.

मेनूकार्डवर एल्क, बायसन, मगर, अगदी रॅटलस्नेकसुद्धा. सोबतच्यांनी बायसन मागवलं. पण मी डेअरीला दूध घालणाऱ्या घरातला. बायसन शेवटी गाईगुरांच्याच कुळातलं, त्यामुळं मन झालं नाही. मी एल्क घेतलं. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखं मोठं हरीण. चव म्हणाल तर चरबी कमी, किंचित गोडसर, बकऱ्याचा वास अजिबात नाही. वर मीठ आणि मिरपूड, संपला विषय. तांबड्या रश्श्याची आठवण आली, खोटं कशाला बोलू!

आता खरी गंमत ऐका. ताटात आलेलं ते एल्क आणि बायसन जंगलातलं नव्हतंच. अशा हॉटेलातलं हे मांस पाळलेल्या जनावरांचं असतं. रानात मारलेलं हरीण शिकारी आपल्या घरी खाऊ शकतो, हॉटेलला विकू शकत नाही. हे शहाणपण त्यांना फार महागात पडून आलं. एकेकाळी तिथं कोट्यवधी बायसन होते, १८८० च्या दशकाअखेर काही शेच उरले. पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर तर पोत्यांनी बाजारात यायचं. त्यातलं शेवटचं १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. शिकारीला बाजारभाव मिळाला की जंगल पुरत नाही, हा त्यातला धडा.

हे सगळं आज सांगायचं कारण आपल्याकडचंच आहे. परत आल्यावर मित्रांना फोटो दाखवले, तर एकजण म्हणाला, “भावा, त्यासाठी अमेरिका कशाला? घाटात एका ठिकाणी सांगून ठेवलं की मिळतंय. ससा, रानडुक्कर, नशीब असलं तर गवा.” ग्रुपवर लगेच तारीख ठरायला लागली.

मी म्हटलं, थांबा जरा. आपल्याकडं एल्कसारखे सांबराचे किंवा गव्याचे फार्म नाहीत. म्हणजे ताटात आलेलं जनावर रानात फासा लावून नाहीतर गोळी घालूनच आणलेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘मांस’ म्हणजे कच्चं किंवा शिजवलेलं, दोन्ही आलं. त्यामुळं “आम्ही फक्त जेवायला आलो होतो” हे सांगून सुटका होईल असं धरून चालू नका. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. आणि त्या मांसाची तपासणी कुणी केलेली असते? कुणीच नाही.

दाजीपूरचं जंगल एकेकाळी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं, तेही गव्यासाठी. इंग्रजीत त्याला ‘बायसन’ अभयारण्य म्हणायचे, पण आपला गवा आणि अमेरिकेचा बायसन ही दोन वेगळी जनावरं. संस्थान गेलं, शिकारखाना गेला, गवा राहिला. आता तो आपल्या पार्टीसाठी जावा काय?

तारीख आम्ही रद्द नाही केली, बेत बदलला. पहाटे दाजीपूरला जाऊन गवे बघायचे, दुपारी घरी तांबडा-पांढरा. घाटवाला मित्र अजून थोडा रुसलाय, पण गाडी त्याचीच आहे आणि तो येतोय.

तुमच्या ग्रुपवर कुणी असं ‘स्पेशल’ जेवण ठरवत असेल, तर हा भाग त्याला ऐकवा. वाद घालत बसू नका, एकच प्रश्न विचारा: हे जनावर पाळलं कुठं होतं? उत्तर नसेल, तर ताट सरकवायचं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पोटभर खावा!