जमिनीची नोटीस आणि आपले काम
(भिलाई येथील कामगार मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण आज ज्या भिलाईत जमलो आहोत, ती एकेकाळी शेते होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील गावांच्या जमिनी पोलाद कारखान्याखाली गेल्या. दुर्ग त्या वेळी ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. जमीन घेण्याचा कायदा होता १८९४ सालचा, इंग्रजांनी केलेला. कारखाना देशाला हवाच होता. त्याच्या आधारावर आपले मार्शलिंग यार्ड चालते, आपली चूल पेटते. पण ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची आठवण ठेवणे हे कामगाराचे कर्तव्य आहे.

हा विषय आज घेण्याचे कारण असे, की आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत. राजनांदगाव–नागपूर तिसरी लाइन टाकणारे आपणच, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे ज्यांची चार एकर शेती लाइनला किंवा रस्त्याला लागते, तेही आपलेच भाऊ. मी मॅट्रिक शिकलेला माणूस आहे, वकील नाही. तरी न्यायालयांनी काय सांगितले आहे, ते आपल्या भाषेत मांडतो.

मालमत्तेचा हक्क आज मूलभूत हक्क नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला. पण ३००-अ हे कलम आले. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, असे ते कलम सांगते. ठाणे जिल्ह्यातील काही अशिक्षित शेतकऱ्यांची जमीन औद्योगिक विकास महामंडळासाठी घेतली गेली. अधिसूचना १९६४ ची, मोबदला मात्र नाही. त्यांना सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला २०१२ साली. उशीर झाला म्हणून गरिबाचा हक्क बुडत नाही, असे न्यायालय म्हणाले. २०२० साली हिमाचलमधील एका वृद्ध विधवेच्या प्रकरणात, सरकारने पुष्कळ वर्षे ताबा ठेवला म्हणून ते मालक होत नाही, असा निकाल लागला. १६ मे २०२४ च्या कोलकात्याच्या प्रकरणात न्यायालयाने सरकारवरील बंधनेच मोजून दिली: नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी मोबदला, आणि ही सारी कारवाई वेळेत चालवून पुरी करणे.

हे ऐकून निर्धास्त होऊ नका. १९६४ ते २०१२ म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे. एवढ्या काळात माणसाची नोकरी संपते, पेन्शन लागते आणि पुढची पिढीही उताराला लागते. शिवाय ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की मोबदला नाकारून घरी बसलेल्याला जुने संपादन रद्द झाले असे म्हणता येणार नाही. म्हणून हरकतीची मुदत पाळली पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ती साठ दिवस आहे, रेल्वे कायद्यात तीस आणि महामार्गाच्या कायद्यात फक्त एकवीस. रेल्वेचे संपादन वेगळ्या कायद्याने होत असले, तरी २०१५ पासून त्याला मोबदला आणि पुनर्वसन २०१३ च्या कायद्याप्रमाणेच द्यावे लागते. ग्रामीण भागात हा मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि २०१३ च्या कायद्याखाली रक्कम उचलताना 'हरकत राखून' असे लिहा. तसे न लिहिता उचललीत, तर पुढे वाढीव मोबदला मागता येत नाही.

आता ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांचे काय? मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली घटनापीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरी फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत दिली. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी निकाल दिला, की पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडता येणार नाही. पण रस्ता, फुटपाथ, जलाशय यांच्यासोबत रेल्वे लाइनीलगतचे अनधिकृत बांधकाम त्यांनी या संरक्षणातून वगळले. म्हणजे ज्या झोपडीत आपला कंत्राटी सफाई कामगार राहतो, तिला हा निकाल वाचवत नाही. हल्द्वानीला रेल्वेच्या जमिनीवरील हजारो कुटुंबांना हटवण्याच्या हुकमाला सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२३ रोजी स्थगिती दिली, ती माणसे एका आठवड्यात उखडून फेकता येत नाहीत म्हणून. सुरक्षेसाठी लाइन मोकळी हवी, हे आपल्या ट्रॅकमनइतके कोणाला कळते? पण आधी पर्यायी जागा आणि मग पाडकाम, ही मागणी आपण केली पाहिजे.

पोस्टातील बांधवांना एक सांगणे आहे. पाडकामाची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवावी, असे २०२४ च्या निकालात आहे, आणि ते पंधरा दिवस ती हातात पडल्यापासून मोजायचे. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी पाकीट तुमच्याच हातून जाते. ते उघडणे आपले काम नाही. पण योग्य माणसाच्या हाती, योग्य तारखेला देणे हे आहे. त्या तारखेवर एखाद्याचे छप्पर अवलंबून असते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. कोणा सभासदाच्या गावी जमिनीची नोटीस आली, कोणती तारीख, हरकतीची मुदत कधी संपते, हे त्यात लिहावे. नोटीस वाचून समजावून देणारा एक जाणता सभासद नेमावा आणि वकिलाची गाठ मुदतीच्या आत घालून द्यावी. गँगमधला मागे राहिला तर आपण गाडी थांबवतो. या कामातही मागे कोणी राहता कामा नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!