नांगरणी वाचली, खुरपणी कुणाच्या वाट्याला?

आम्ही बचत गटातल्या अकरा जणी आज बोलणार आहोत गव्हाबद्दल. न नांगरता पेरलेल्या गव्हाबद्दल.

२०२२ चा मार्च आठवतो ना? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सगळ्यात तापलेला मार्च. उत्तरेत दाणे भरायच्या वेळीच ऊन लागलं, दाणा बारीक राहिला. मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यातच थांबवली. आपल्याकडे तर थंडी आधीच थोडी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं, तर ऊन तापायच्या आत दाणा भरतो. पण सोयाबीन निघतं ऑक्टोबरात, त्यात परतीचा पाऊस, मग वाफशाची वाट, मग ट्रॅक्टरची वाट. नांगरट, रोटाव्हेटर म्हणता म्हणता डिसेंबर उजाडतो.

पंजाब-हरियाणात भाताच्या रानात बरेच शेतकरी न नांगरताच गहू पेरतात. त्यांच्या यंत्राचे फण अरुंद असतात. ते माती उलटत नाहीत, चीर पाडून बी-खत आत सोडतात. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. म्हणून एकीच्या दहा गुंठ्यांवर आम्ही हातानंच टोकण केली. सोयाबीन उपटलं नाही, विळ्यानं जमिनीलगत कापलं, मुळं तिथंच कुजू दिली. ओल होती तोवर दोन इंचांवर बी टाकलं आणि वर भुसकट पसरलं. भुसकटावरून घरात वाद झालाच. गुरांनी काय खायचं? शेवटी निम्मं गोठ्यात, निम्मं रानात.

पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांच्या आत दिलं. तेव्हाच मुकुटमुळं फुटतात, ती पाळी चुकवायची नाही. भुसकटाखाली ओल जास्त दिवस टिकली, भेगाही कमी पडल्या. उतारा शेजारच्या नांगरलेल्या तुकड्याएवढाच आला, जास्त नाही.

तण मात्र जास्त आलं. चंदनबटव्याची भाजी झाली, हराळीचं काय करणार! नांगरलेल्या तुकड्यात एकदा खुरपलं, इथं तीनदा बसलो. तणनाशक मारा, असं सांगणारे भेटले. ज्या रानातली भाजी घरात शिजते तिथं ते नको, असं आम्ही ठरवलं.

मग हिशेबाला बसलो. नांगरटीचं भाडं वाचलं, ते घरधन्याच्या खिशात राहिलं. आमच्या खुरपणीची मजुरी वहीत कुठंच नव्हती. घरचीच बाई, तिला कसली मजुरी! तिथं आम्ही अडून बसलो. वाचलेल्या भाड्यातून आधी खुरपणीचे पैसे बाजूला काढायचे, घरच्या बाईची मजुरीही लिहायची, मगच यंदा टोकण करायची. दोन घरांनी ऐकलं. तिसऱ्या घरी अजून बोलणी चालू आहेत.

यंदा वीस गुंठे धरलेत. हराळीचा कोपरा तेवढा सोडलाय, तिथं नांगर लागेलच.