कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह

धाडसारख्या गावीं नाटकाचा मंडप एका रात्रीपुरता उभा राहतो व सकाळीं मोडला जातो. कोल्हापूरच्या राजर्षि शाहू छत्रपतींनीं मात्र नाट्यकलेस कायमचें घर दिलें. १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासांत त्यांनीं तेथील रंगभवनें पाहिलीं होतीं. पुढें १९१३ सालीं बांधकामास आरंभ झाला व १९१५ सालीं ‘पॅलेस थिएटर’ उभें राहिलें. त्याच्या पाठीमागें खासबागचें कुस्तीचें मैदान आहे. कला व बल ह्या दोहोंस महाराजांनीं शेजारीं शेजारीं बसविलें.

प्रेक्षागृहाच्या मध्यें एकही खांब नव्हता. त्यामुळें शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकासही रंगमंच अडथळ्यावांचून दिसे.

१९५७ सालीं ह्या वास्तूस ‘ललितकलादर्श’ मंडळीचे संस्थापक संगीतसूर्य केशवराव भोसले ह्यांचें नांव देण्यांत आलें. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. त्यांच्या जयंतीच्या आदल्याच रात्रीं, ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, आगींत रंगमंच व छत भस्मसात झालें.

त्यानंतर पुनर्बांधणी हातीं घेण्यांत आली. छत व पडदे द्रव्यानें नवे होतात. परंतु शेवटच्या रांगेचा मान राखला गेला, तरच शाहूंचें नाट्यगृह परत आलें असें म्हणतां येईल.