बीड जिल्ह्याची भूमि आणि तेथील लोक
(समितीच्या वर्गणीदारांच्या सभेंत वाचलेलें भाषण)



पेढीवर माल उधार देण्यापूर्वीं घेणाऱ्याची पत व घर दोन्ही पाहण्याचा आपला रिवाज आहे. दानाच्या बाबतींत मात्र आपण तो रिवाज मोडतां आणि केवळ करुणेनें थैली मोकळी करतां. ती करुणा आम्हांस हवीच आहे. परंतु आपलें द्रव्य ज्या भूमींत पडतें ती कशी आहे व तेथें कोण राहतें, हें आपणांस ठाऊक असल्यास तें अधिक नेमकें खर्च होईल. म्हणून आज बीड जिल्ह्याचें घर आपणांस दाखवितों.

हा जिल्हा मराठवाड्यांत आहे. क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११. उत्तर सीमेवर गोदावरी, आष्टीच्या कडेनें सीना, दक्षिणेस मांजरा, आणि मधून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेला बालाघाटाचा डोंगर. ह्या डोंगरानें जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. खालीं गेवराई-माजलगांवाकडे गंगथडी. तेथील जमीन काळी, खोल, कापसास व रब्बीच्या ज्वारीस मानवणारी. वर पाटोदा, धारूर ह्या बाजूस माळ, मुरूम, आणि पातळ मातीखालीं लागलीच काळा पाषाण. तेथें पाऊस पडला तरी जमिनीच्या पोटांत राहत नाहीं, उतारानें ओढ्यास मिळतो. सीताफळ मात्र त्या माळावर न मागतां येतें, व पुण्या-मुंबईच्या बाजारांत त्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं.

पाऊस सालिना सरासरी सुमारें २६ इंच. परंतु सरासरीनें घागर भरत नाहीं. मृगांत पेरून घ्यावें, आणि पुढें श्रावण कोरडा जावा, असा प्रकार येथें वारंवार घडतो. मांजरा नदी पाटोदा तालुक्यांतील डोंगरांत उगम पावते. धनेगांवास तिच्यावर धरण आहे, व लातूर शहर त्याच पाण्यावर विसंबून असतें. २०१६ च्या उन्हाळ्यांत तें धरण आटलें, तेव्हां लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. शहराची तहान साऱ्या देशानें पाहिली. जेथें नदी उगवते तेथें टँकरची वाट पाहत बसलेल्या बाया फारशा कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहींत. २०१३ सालीं परळीचें औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें होतें, एवढ्यावरून कारखानदार गृहस्थांनीं तरी कल्पना करावी.

आतां लोकांविषयीं. १८९१ च्या खानेसुमारींत, त्या वेळच्या हद्दीप्रमाणें, ह्या जिल्ह्यांत ६,४२,७२२ माणसें होतीं. १९०१ सालीं तीं ४,९२,२५८ उरलीं. दहा वर्षांत दीड लाख माणसें कमी झालीं! मध्यंतरीं १८९७ चा दुष्काळ, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्यास आपणांपैकीं गुजराती व मारवाडी बंधु छप्पनिया म्हणतात, असे दोन दुष्काळ येऊन गेले. कांहीं मेलीं, कांहीं देशोधडीस लागलीं. २०११ च्या जनगणनेंत हीच संख्या २५,८५,०४९ आहे, आणि त्यांतील शेंकडा सुमारें ८० माणसें खेड्यांत राहतात. आज भुकेनें गांवें ओस पडत नाहींत, हें खरें. परंतु देशोधडीची चाल मोडली आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तिला आतां पंचांगाप्रमाणें ठराविक वेळ आली आहे, इतकेंच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कांहीं लाख माणसें ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. हिशेब माणसांचा नव्हे, कोयत्यांचा. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, पहाटेपूर्वीं तोडणी, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. ह्याच खाड्याच्या धाकानें व इतर कारणांनीं तेथील पुष्कळ स्त्रियांचीं गर्भाशयें अकालीं काढलीं गेलीं, ही गोष्ट २०१९ सालीं विधिमंडळापर्यंत जाऊन तिची चौकशी झाली. आणखी एक आंकडा सांगणें आम्हांस जड जातें, पण सांगतों. २०११ सालीं ह्या जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली ८०७, म्हणजे राज्यांत सर्वांत कमी होत्या. ह्याचा दोष पावसास देतां येत नाहीं.

कोयते गेल्यावर गांवांत म्हातारीं माणसें, शाळेंतलीं लेंकरें व दावणीचीं गुरें राहतात. सरकारी छावण्या दुष्काळ जाहीर झाल्यावर उघडतात. २०१९ सालीं येथें अशा शेंकडों छावण्या होत्या व त्यांनीं पुष्कळ गुरें वांचविलीं. परंतु जाहीर होण्यापूर्वींचे दोन महिनेच जनावर विकण्याचे असतात, आणि एकदां बैल बाजारांत गेला कीं पुढल्या मृगांत पेरणीस तो परत येत नाहीं. व्यापारी बंधूंस हें सांगणें नकोच, कीं रब्बीची ज्वारी निघते तेव्हां कडबा स्वस्त असतो व वैशाखांत तोच दुपटीनें मागावा लागतो. यास्तव आमची विनंति अशी, कीं यंदाची वर्गणी आपण माघ-फाल्गुनांतच द्यावी. जमीनदार बंधूंनीं रोख रकमेऐवजीं कडब्याच्या पेंढ्या दिल्या तरी चालतील; गंजी रचण्यास गांवाबाहेर उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा मात्र हवी. घरीं राहिलेल्या मुलांकरितां दोन वेळचें जेवण चालविण्यास ज्वारी, तूरडाळ व तेल लागेल. तें ज्या आडत दुकानदारांस देणें शक्य असेल त्यांनीं आपलें नांव व माल सभा संपतांच चिटणिसांकडे नोंदवावा.