वाटांची देवघेव



आजचा विषय जरा परका वाटेल. आपण मोबाइलवरून दुकानदाराला पैसे पाठवितो, तेव्हा आपला निरोप कोणत्या वाटेने जातो, आणि एका जाळ्यातली वाट दुसऱ्या जाळ्याला कळविताना मध्ये कोणता पहारा ठेवावा लागतो, हा तो विषय. मी इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता पुस्तके वाचून जे उमगले, तेवढेच मी सांगणार आहे.

राउटर नावाचे यंत्र म्हणजे टपालाची वर्गवारी करणारा कारकून समजा. पाकिटावरचा पत्ता वाचावयाचा आणि योग्य त्या खणात टाकावयाचे. फरक एवढाच की, कारकुनाला खणांचा तक्ता वरून लिहून मिळतो. राउटर तो तक्ता बहुधा शेजारच्या राउटरांशी बोलून स्वतःच तयार करतो. या बोलण्याच्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. रिप नावाची एक जुनी रीत आहे. ती वाटेतले मुक्काम मोजते आणि 15 मुक्कामांपलीकडचे गाव तिच्या लेखी नाहीच. ओएसपीएफ या रीतीत प्रत्येक राउटर आपल्या मुलुखाचा सबंध नकाशा जवळ बाळगतो. आणि कंपनी-कंपनीत, देशा-देशांत जी बोलणी चालतात, ती बीजीपी या रीतीने.

आता दोन कचेऱ्या एक झाल्या, एकीत रिप चालते आणि दुसरीत ओएसपीएफ, तर मध्ये कोणीतरी दुभाषा हवा. दोन्हीकडचे ऐकणारा एक राउटर एकीकडच्या वाटा दुसरीकडे सांगू लागतो. इंग्रजीत याला रिडिस्ट्रिब्यूशन म्हणतात. मी त्याला वाटांची देवघेव म्हणतो. एकाचे माप मुक्कामांचे, दुसऱ्याचे तारेच्या वेगाचे. तेव्हा मापाची गाठ कोणीतरी माणसाने घालून द्यावी लागते. तो भाग किचकट आहे, पण धोक्याचा नाही. धोका निराळाच आहे.

दुभाषे एकाऐवजी दोन ठेवले, म्हणजे एक बंद पडला तरी काम चालेल, असा शहाणपणाचा विचार बहुतेक कचेऱ्या करतात. आता गंमत पाहा. सिस्को कंपनीच्या राउटरांत प्रत्येक रीतीला विश्वासाचा एक आकडा असतो. आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त. ओएसपीएफचा 110, रिपचा 120. पहिल्या दुभाष्याने रिपच्या बाजूचे एक गाव ओएसपीएफच्या बाजूला जाहीर केले. दुसऱ्या दुभाष्याला तेच गाव रिपकडून थेट ठाऊक होते. पण आता तीच बातमी त्याला ओएसपीएफकडूनही आली, आणि 110 हा 120 पेक्षा लहान! म्हणून तो जवळच्या साक्षीदाराला बाजूला सारतो आणि प्रतिष्ठित माणसाच्या तोंडच्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतो. पुढे तीच ऐकीव गोष्ट तो रिपच्या बाजूला परत सांगतो. बातमी फिरून मूळ घरी येते आणि नवी म्हणून मान्य होते. मग पाकिटे दोन दारांच्या मध्ये गरगर फिरत राहतात. प्रत्येक पाकिटावर किती मुक्काम जगावयाचे याचा आकडा असतो. तो दर मुक्कामाला एकाने उतरतो आणि शून्य झाला की पाकीट फेकून देण्यात येते. माणसांच्या सभांतही असे घडताना मी पुष्कळ पाहिले आहे; असो.

यावर तोड आहे आणि ती साधी आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक वाटेवर खूण मारावयाची: ही अमक्या बाजूची आहे, तिकडे परत पाठवू नये. दुसऱ्या दारावरच्या पहारेकऱ्याने ती खूण पाहून वाट अडवावयाची. ज्यांनी या रीती बांधल्या त्यांनाही ही भीती ठाऊक होती. सिस्कोच्याच ईआयजीआरपी या रीतीत घरच्या वाटेचा आकडा 90, पण बाहेरून ऐकलेल्या वाटेचा 170 ठेवला आहे. सिस्कोच्या राउटराला ओएसपीएफच्या वाटा बीजीपीला दे असे नुसते सांगितले, तर तो फक्त घरच्या वाटा देतो. ओएसपीएफने स्वतः बाहेरून उसन्या घेतलेल्या वाटा द्यावयाच्या असतील तर तसा निराळा हुकूम लागतो.

या सर्व वाटांत डिफॉल्ट नावाची एक वाट सर्वांत बलवान आणि सर्वांत भोळी. ज्या पत्त्याचा खण सापडत नाही, तो सगळा माल या दाराने बाहेर काढा, असा तिचा अर्थ. लहान कचेरीला साऱ्या जगाचा तक्ता बाळगावा लागत नाही, तो हिच्यामुळे. म्हणूनच ती देवघेवीत आपोआप जाऊ देत नाहीत. ओएसपीएफमध्ये ती जाहीर करण्याला स्वतंत्र आज्ञा आहे, आणि तिचे दोन प्रकार आहेत. एकात राउटर म्हणतो, माझ्याजवळ बाहेरची वाट असेल तोवरच मी दार उघडे आहे असे सांगेन. दुसऱ्यात तो सदासर्वकाळ म्हणतो, सगळा माल माझ्याकडे द्या. मग त्याची स्वतःची बाहेरची तार तुटलेली का असेना. दार एकच असेल तर या दोहोंत फारसा फरक पडत नाही. दारे दोन असतील, तर तुटलेल्या दाराशी माल येऊन पडतो आणि नाहीसा होतो, आणि शेजारचे धडधाकट दार मोकळे राहते.

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर 8 जुलै 2022 या दिवशी कॅनडात काय झाले ते ऐका. रॉजर्स या कंपनीचे तेथे एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहक. कंपनी आपल्या जाळ्याचा गाभा सात टप्प्यांत सुधारीत होती आणि सहावा टप्पा चालू होता. पहाटे पाचच्या आत एका राउटरावरची एक गाळणी काढण्यात आली. त्या काळी साऱ्या जगाच्या बीजीपी तक्त्यात नऊ लाखांवर वाटा होत्या. गाळणी गेल्याबरोबर गाभ्यातील राउटरांवर वाटांचा लोंढा कोसळला, त्यांची धारणाशक्ती संपली आणि ते बंद पडले. मोबाइल आणि घरची तार या दोहोंचा गाभा एकच होता, म्हणून दोन्ही गेली. इंटरॅकची देणीघेणी थांबली. संकटकाळी लावावयाचा 911 हा क्रमांक पुष्कळांना लागेना. कारण टॉवर जिवंतच होते आणि फोन त्यांनाच चिकटून राहिले, दुसऱ्या कंपनीकडे वळले नाहीत. दुरुस्ती करणाऱ्यांची वाटही त्याच गाभ्यातून जात होती. यंत्रांच्या नोंदी हाती येऊन खरे कारण कळावयाला सुमारे 14 तास लागले.

अशा वेळी लोक पहिला प्रश्न विचारतात, ती आज्ञा टंकली कोणी? आमच्या धंद्यात या प्रश्नाची मला चांगली ओळख आहे. यंत्र मोडले की रात्रपाळीच्या माणसाला चौकशीचा कागद मिळतो, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर दिवा विझलेलाच राहतो. परंतु कॅनडाच्या दूरसंचार आयोगाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून या प्रकाराची तपासणी करविली, आणि 2024 साली तिचा जो सारांश प्रसिद्ध झाला, तो वाचण्यासारखा आहे. हे काम प्रथम जास्त धोक्याचे म्हणून नोंदले होते. आधीचे टप्पे सुखरूप पार पडले म्हणून हिशेबाच्या यंत्राने त्याचा धोका कमी ठरविला, आणि म्हणून त्याला वरिष्ठांच्या बारीक तपासणीची गरज उरली नाही. इतक्याच वाटा घेईन, अधिक आल्या तर नाकारीन, अशी मर्यादा गाभ्यातील राउटरांवर घातलेलीच नव्हती. ती असती तर गाळणी काढल्यावरही गाभा टिकला असता.

पाच वेळा दोरीवरून सुखरूप गेलेल्या माणसाची सहावी फेरी काही जमिनीवरून होत नाही. ज्या खात्यात ‘आजवर काही झाले नाही’ हा सहीशिक्क्याचा पर्याय मानला जातो, तेथे कीबोर्डवर कोणाचे बोट होते याला मी फार महत्त्व देत नाही. मर्यादा न घालण्याचा, दुरुस्तीची वाट निराळी न ठेवण्याचा, दोन्ही सेवा एकाच गाभ्यावर टांगण्याचा निर्णय त्या बोटाचा नव्हता. त्या रात्री कामावर असलेल्यांना तर एकमेकांशी बोलणेही कठीण झाले होते. त्यांचे फोनही त्याच कंपनीचे!

पुढे रॉजर्सने मोबाइलचा आणि तारेचा गाभा वेगळा करण्याचे काम हाती घेतले. सप्टेंबर 2022 मध्ये तेथील कंपन्यांनी सरकारच्या आग्रहावरून करार केला, की एकीचे जाळे कोसळले तर दुसरीने तिच्या ग्राहकांना आपल्या जाळ्यातून वाट द्यावी, आणि लोकांना वेळेवर खबर द्यावी. आपल्या गावातली बँक, रुग्णालय, वीजमंडळाची कचेरी यांची बाहेरची दारे किती, ती एकाच गाभ्यातून जातात की दोन, आणि सारे बंद पडले तर दुरुस्त करणारा माणूस कोणत्या वाटेने आत शिरणार, हे त्या त्या ठिकाणी जाऊन विचारता येते. विचारावयाला इंजिनियर असावे लागत नाही.