वाढप्याचे काम आणि पदवीधर तरुण
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



रोह्याचा आमचा एक विद्यार्थी पदवी घेतल्यापासून पेणजवळ वडखळ नाक्यावरील एका उपाहारगृहात वाढपी आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील प्रवासी तेथे घटकाभर विसावतात. चार मेजांच्या फर्माइशी ध्यानात ठेवून तो हसतमुखाने वाढतो. पुढे कोणता व्यवसाय पत्करावा, हे अद्याप ठरलेले नाही. पण हे काम आपणांस आवडते, असे तो निःसंकोच सांगतो. त्याच्या वडिलांनी मात्र आपल्या वधूवर-सूचीत व्यवसायाचा रकाना कोरा ठेविला आहे.

तो कोरा रकाना आम्हांस खुपतो. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढणाऱ्याचे आपण कौतुक करतो. तेच हात वेतन घेऊन वाढू लागले, की हीन कसे ठरतात? १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत या व्यवसायाचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था निघाली. तेथे वाढप ही शिकण्याची विद्या मानली जाते.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सर्वांचीच वाट अशी सरळ नसते. पालकांनी वर्ष-दोन वर्षांची मुदत द्यावी. तरुणानेही वेतनातून शिल्लक टाकावी. आपणांस माणसांत वावरणे आवडते, की हिशेब, की स्वयंपाकघर, हे पारखावे आणि मुदतीत निर्णय घ्यावा.

तोवर त्या रकान्यात 'वाढपी' असे स्वच्छ अक्षरांत लिहावे, ही आमची विनंती.